गल्लीच्या कोपऱ्यावरचा कचरा कसा हटला: आमचा अनुभव, तुमचेही लिहा

सिंहगडरोडकर

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस लिहीन म्हणत होतो, आज बसलो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या डीपीला लागून, वर्षानुवर्षं कचऱ्याचा ढीग असायचा. पालिकेच्या कागदावर अशा जागेला ‘क्रॉनिक स्पॉट’ म्हणतात. सकाळी झाडलोट करणारे काका ढीग उचलून न्यायचे, दुपारपर्यंत पुन्हा पिशव्या जमायच्या, रात्री कुत्री त्या फाडायची. गेल्या पावसाळ्यापासून तिथे कचरा पडलेला नाही. हे कसं झालं ते सविस्तर लिहितो आहे. वर्तमानपत्रात एकतर ‘आदर्श सोसायटी’चं कौतुक वाचायला मिळतं, नाहीतर नुसता संताप. कोणाला भेटायचं, काय विचारायचं, गाडी कुठे अडते, हे मधलं कुणी सांगत नाही.

आमची गल्ली पुण्यात असते तशीच आहे. चार-पाच जुन्या सहकारी सोसायट्या, कॉट बेसिसवर, म्हणजे एकेक खाट भाड्याने, दिलेले दोन बंगले, खाली दुकानं, एक मेस, आणि गल्ली संपते तिथे ओढ्याकाठची वस्ती. ‘येथे कचरा टाकू नये’ ही पाटी लावून झाली होती. देवांच्या टाइल्स लावून झाल्या. दंडाचा फ्लेक्स लागला. एका रविवारी सगळ्यांनी मिळून श्रमदान केलं, भिंत रंगवली, कोपऱ्यावर रांगोळी काढली. आठवड्याभरात ढीग परत जागेवर.

खरं काम सुरू केलं ते समोरच्या इमारतीतल्या पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी. त्यांच्या गॅलरीतून तो कोपरा थेट दिसतो. त्यांनी सांगितलं, कुणाला ओरडायचं नाही, अडवायचं नाही, फक्त बघायचं. कोण टाकतं यापेक्षा किती वाजता टाकलं जातं, हे त्या वहीत लिहीत गेल्या. दोन-तीन आठवड्यांत वही बोलायला लागली. पिशव्या पडायच्या दोनच वेळी. एक, सकाळी साडेसहा ते आठ. तेव्हा कॉट बेसिसवरची मुलंमुली कंपनीच्या बसला निघतात आणि वस्तीतल्या बायका धुण्याभांड्याच्या कामाला निघतात. दुसरी वेळ रात्री साडेदहानंतर, मेस बंद होताना. कचरा घ्यायला येणाऱ्या ताई गल्लीत यायच्या साडेनऊला. म्हणजे जो माणूस सात वाजता घर सोडतो, त्याने कचरा द्यायचा कोणाला? संध्याकाळपर्यंत दहा बाय दहाच्या खोलीत ओला कचरा ठेवणं त्यालाही नको असतं. जाताजाता तो कोपऱ्यावर ठेवतो.

हे कळल्यावर आमचं बोलणंच बदललं. तोवर प्रत्येक बैठकीत ‘या लोकांना सवयच नाही’ हे एकच वाक्य फिरत होतं.

मग आम्ही ताईंशी बोललो. पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. इथे घरोघरचा कचरा बऱ्याच भागांत ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे सभासद गोळा करतात. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तिच्यातून पुढे ही संस्था निघाली आणि २००८ पासून पालिकेशी करार करून काम करते. ताईंची कमाई दोन ठिकाणांहून येते: घरांकडून मिळणारं महिन्याचं शुल्क आणि सुक्या कचऱ्यातून निघालेलं भंगार. आमच्या दोन्ही कॉट बेसिसच्या बंगल्यांतून शुल्कच येत नव्हतं. मालक म्हणायचे भाडेकरू देतील, भाडेकरूंना ते माहीतही नव्हतं. ताई त्या फाटकात जात नव्हत्या, आणि का जाव्यात?

मालकांना भेटायला आम्ही तिघं गेलो, सोबत ताईही होत्या. त्यांना घेऊन जाण्याचा फायदा असा की हिशोब तिथल्या तिथे मांडता आला. शुल्क भाड्यात धरायचं, जिन्याखाली ओल्या-सुक्याचे दोन झाकणाचे डबे ठेवायचे, मुलांनी निघताना त्यात टाकायचं, ताई साडेनऊला तिथून उचलणार. एक मालक लगेच तयार झाले, दुसऱ्यांना वेळ लागला. मेसवाल्यांचा प्रश्न वेगळा होता, कारण त्यांचा कचरा घरगुती मापाचा नाही. आरोग्य कोठीतल्या, म्हणजे पालिकेच्या सफाईच्या स्थानिक कार्यालयातल्या, मुकादमांशी बोलून त्यांची नोंद व्यावसायिक म्हणून करून घेतली आणि त्यांचं ओलं आता सकाळच्या पहिल्या गाडीत जातं. रात्रभर ते मेसच्याच मागच्या बाजूला झाकणबंद पिंपात राहतं.

वस्तीचं उत्तर वस्तीतल्या बायकांनीच दिलं. त्यांच्या बोळात ढकलगाडी शिरत नव्हती. आता एक ताई सात वाजता बोळाच्या तोंडाशी थांबतात.

आणि शेवटचं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. कोपरा रिकामा ठेवला की कचरा परत येतोच. पुढच्या चौकात उन्हात बसणाऱ्या भाजीवाल्या मावशींना आम्ही विचारलं, त्या सकाळी तिथे बसायला लागल्या. डीपीपासून सुरक्षित अंतर ठेवून एक बाक ठेवला. संध्याकाळी तिथे आजोबा मंडळी बसतात. माणूस बसलेला असेल तिथे कुणी पिशवी ठेवत नाही.

आता दर दुसऱ्या शनिवारी मारुतीच्या पारावर अर्धा तास जमतो. ताई, झाडलोट करणारे काका, मेसवाले, सगळे असतात. पुढे फुटपाथ आणि झाडांचा प्रश्न हातात घ्यायचा आहे. तुमच्याकडे काय केलंत ते लिहा. यश नाही आलं तरी लिहा.

ओलासुका

फार उपयोगी लेख, वाचनखूण साठवली. वेळेची नोंद ठेवण्याची कल्पना आमच्या सोसायटीत उद्याच मांडते. एक विचारायचं होतं, डायपर आणि पॅडचं काय करता? आमच्याकडे वर्गीकरण होतं, पण हे सगळं सुक्यात जातं आणि ताईंना हाताने काढावं लागतं. मला ते बघवत नाही.

सिंहगडरोडकर

@ओलासुका, ताई, त्यासाठी ‘स्वच्छ’ने लाल ठिपक्याची मोहीम चालवली होती, तीच आम्ही धरली. वर्तमानपत्रात नीट गुंडाळायचं, वर पेनाने ठळक लाल गोल काढायचा आणि वेगळं द्यायचं. उघडून न बघता ताईंना कळतं. २०१६ च्या घनकचरा नियमांतही असा कचरा गुंडाळून, वेगळा ठेवून देणं ही घराची जबाबदारी म्हटली होती. आमच्याकडे हे बायकांच्या व्हॉट्सॲप गटावर काकूंनी एकदा स्पष्ट लिहिलं आणि आठवड्यात बदल दिसला. संकोचापोटी पुरुष या विषयावर बोलत नव्हते, त्यामुळे तो तसाच पडून होता.

पर्वतीपायथा

मी वस्तीत राहते म्हणून लिहिते. तुमच्या धाग्यात वस्तीला एक परिच्छेद मिळालाय, पण तो बरोबर आहे, म्हणून आधी आभार.

आमच्याकडचं सांगते. नळाला पाणी येतं सकाळी सहाला, पाऊण तास. घंटागाडीचं गाणं वाजतं तेही त्याच पाऊण तासात. घरात बाई एकटी असली तर पाणी भरणार की कचरा घेऊन गाडीमागे पळणार? पाणीच भरणार. मग कचरा ओढ्यात जातो आणि वरच्या सोसायटीतले म्हणतात वस्तीमुळे ओढा तुंबला. गाडीची वेळ अर्धा तास पुढे न्या, एवढंच मागणं होतं. आमच्या बचत गटाच्या बायकांनी एकत्र जाऊन मागितलं तेव्हा झालं. एकटी-दुकटी जात होतो तोवर कुणी अर्जही घेत नव्हतं.

दुसरं, बैठकीचं. सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये बैठक ठेवली की आमच्यातलं कुणी येत नाही. फाटकावरचा वॉचमन विचारतो कुठल्या फ्लॅटमध्ये कामाला, आणि त्या प्रश्नानंतर आत जावंसं वाटत नाही. तुम्ही पारावर घेता हे चांगलं केलंत. वेळही बघा. सकाळी अकराला आम्ही कामावर, रात्री नऊला स्वयंपाक.

आणि कृपा करून वस्तीत ‘स्वच्छता शिकवायला’ येऊ नका. सामाईक संडासाला दिवा नसतो, दाराला कडी नसते, त्याच्यासाठी अर्ज करताना आमच्याबरोबर सही करा. तुमच्या सहीला तिथे वजन आहे.

ओलासुका

@पर्वतीपायथा, तुमचा प्रतिसाद आमच्या सोसायटीच्या गटावर जसाच्या तसा टाकू का? परवानगी असेल तरच.

पर्वतीपायथा

टाका की.

कडक_शिस्त

धागाकर्त्यांच्या चिकाटीबद्दल आदर आहे, पण भाजीवालीला कोपऱ्यावर बसवणं मला पटलेलं नाही. आज एक मावशी, उद्या शेजारी फळवाला, परवा चायनीजची गाडी. मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे, हे डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या आईला गुडघेदुखीमुळे वॉकर लागतो. फुटपाथवर विक्रेते असल्यामुळे तिला रस्त्यावरून चालावं लागतं, मागून रिक्षा हॉर्न देतात. कचऱ्याचा प्रश्न सोडवताना चालणाऱ्याची जागा गेली तर सुधारणा कसली? कॅमेरे लावा, दंड करा. नियम सगळ्यांना सारखा.

सिंहगडरोडकर

@कडक_शिस्त, आईंचा मुद्दा शंभर टक्के मान्य. आमच्या कोपऱ्यावर फुटपाथ नाही, डीपीमागचा मोकळा कोनाडा आहे, म्हणून तिथे जमलं. फुटपाथ अडवून मीही कुणाला बसवणार नाही.

कॅमेऱ्याबद्दल मात्र वेगळं मत आहे. पलीकडच्या गल्लीत लावला. त्यांचा ढीग कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर वीस पावलं सरकला. आणि समजा सात वाजता निघणारी मुलगी कॅमेऱ्यात सापडली, तिला दंड झाला, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या हातात कचऱ्याची पिशवी असणारच आहे.

कायदेवाचक

फेरीवाल्यांवरून वाद वाढायच्या आत थोडी माहिती देतो. २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यानुसार पालिकेने विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, प्रमाणपत्र द्यायचं आणि कुठे बसता येईल, कुठे नाही हे नगर पथविक्रेता समितीच्या सल्ल्याने ठरवायचं. या समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांमधून निवडून आलेले असावे लागतात आणि त्यात एक तृतीयांश महिला. म्हणजे ‘बसवा’ किंवा ‘उठवा’ हे एखाद्या सोसायटीने ठरवायचं नसतं, तसंच विक्रेत्यानेही एकट्याने ठरवायचं नसतं. तुमच्या मावशींकडे प्रमाणपत्र आहे का ते विचारा. असेल तर त्यावरची जागा कोणती तेही बघा. जागा बदलली म्हणून उद्या अतिक्रमण विभागाने माल उचलला तर नुकसान त्यांचं होणार आहे. गल्लीने सह्यांचं पत्र देऊन जागाबदल मागावा.

चालण्याच्या जागेचं मापही ठरलेलं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे फुटपाथवर निदान १.८ मीटर रुंदी अडथळ्याविना मोकळी हवी, म्हणजे दोन व्हीलचेअर एकमेकींशेजारून जाऊ शकतील. टेप घेऊन मोजा. बऱ्याच ठिकाणी दिसेल की विक्रेत्यापेक्षा जास्त जागा डीपी, जाहिरातीचे खांब, दुकानांच्या पायऱ्या आणि उभ्या दुचाकी खातात. @कडक_शिस्त, आईंसाठी अर्ज करताना हे माप लिहा. ‘गैरसोय होते’ एवढंच लिहिलेला अर्ज पुढे सरकत नाही.

कडक_शिस्त

धन्यवाद. १.८ मीटरचं माहीत नव्हतं. रविवारी मोजतो आणि फोटो टाकतो. दुचाकींचा मुद्दाही खरा आहे, त्यातल्या निम्म्या आमच्याच सभासदांच्या आहेत.

घाटकोपरकर

मुंबईचा अनुभव लिहितो. मुंबई महापालिकेने १९९७ मध्ये एएलएम, म्हणजे ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट नावाची योजना सुरू केली. तिची सुरुवात ज्या गल्लीच्या कामातून झाली असं सांगतात ती घाटकोपरची जोशी लेन. रहिवाशांनी कचरा वेगळा करायचा, ओल्याचं खत गल्लीतच करायचं आणि पालिकेने त्या गल्लीच्या रस्ता, गटार, दिवे अशा तक्रारींना प्राधान्य द्यायचं, असा तो देवाणघेवाणीचा सौदा. प्रत्येक वॉर्डात एक अधिकारी या गटांसाठी नेमलेला असायचा. कल्पना इतकी धरली की शहरभर शेकडो गट नोंदले गेले.

आता जे पाहिलं ते सांगतो. जे गट टिकले त्यांच्याकडे दोन गोष्टी होत्या. कचऱ्याखेरीज दुसरं काहीतरी काम हातात होतं, कुठे बाग, कुठे समुद्रकिनारा, कुठे नाला. आणि अध्यक्ष बदलत होता. जे बंद पडले त्यातले बरेच एका व्यक्तीवर उभे होते, बहुधा निवृत्त, सगळ्या अधिकाऱ्यांना नावाने ओळखणारी. त्यांची तब्येत ढासळली की गटाचा फोन उचलायला कुणी नाही. तुमच्या काकूंची वही आत्तापासून दुसऱ्या कुणाला तरी लिहायला द्या. अर्ज, पोचपावत्या, अधिकाऱ्यांचे क्रमांक हे एका माणसाच्या फोनमध्ये अडकू देऊ नका.

अजून एक. त्या काळात चाळी आणि झोपडपट्ट्यांसाठी पालिकेची दत्तक वस्ती योजना निराळी होती. इमारतींना एक योजना, वस्त्यांना दुसरी. त्यामुळे एकाच नाल्याच्या दोन काठांवर राहणारी माणसं एका बैठकीत कधी बसलीच नाहीत. तुम्ही तसं होऊ दिलं नाहीत, हे मला या धाग्यातलं सगळ्यात मोलाचं वाटलं.

पाचोळा

झाडांचा विषय निघालाच आहे तर मला राहवत नाही.

फेब्रुवारी ते एप्रिल पुण्यात पानगळ असते आणि गल्लोगल्ली सकाळी पाला जाळतात. तो धूर सगळ्यात आधी झाडणाऱ्या माणसाच्या छातीत जातो. त्याच्यावर रागावून उपयोग नाही. मुकादम पाल्याची पोती उचलायला नको म्हणतो, झाडून जमलेला ढीग त्याने कुठे न्यायचा? पाला द्यायला जागा करून द्या, जाळणं आपोआप थांबतं. पुण्यात ‘ब्राऊन लीफ’ नावाचा गट २०१६ पासून हेच करतोय. ज्यांच्याकडे पाला जास्त आहे आणि ज्यांना गच्चीवरच्या बागेसाठी तो हवा आहे, त्यांची गाठ घालून देतो. आमच्या आवारातली पोती आता दारातूनच लोक घेऊन जातात.

सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत फसतं ते बहुतेक पाल्याच्या अभावी. नुसतं भाजीचं देठ आणि उरलेलं अन्न पिंपात टाकलं की पाणी सुटतं, हवा जात नाही, वास मारतो, अळ्या होतात आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत प्रकल्प बंद करायचा ठराव येतो. ओल्याच्या प्रत्येक थरावर त्याच्या दुप्पट आकारमानाचा कोरडा, हाताने चुरडलेला पाला घालायचा. मुठीत दाबल्यावर ओलसर लागावं पण थेंब पडू नये, हे माप. आंबट ताकात थोडा गूळ कालवून शिंपडलं तर सुरुवात लवकर होते. आठवड्यातून एकदा खालीवर करायचं. आंब्याची आणि वडाची जाड पानं कुजायला वेळ लागतो, पर्जन्यवृक्षाची (रेन ट्री) आणि शिरीषाची बारीक पानं चटकन जिरतात. पुण्यात गांडूळखत, पावसाचं पाणी साठवणं, सौर पाणीतापक यांसाठी मिळकतकरातल्या सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सवलत आहे, पण प्रकल्प चालू असल्याचं तपासणीत दिसावं लागतं. त्यासाठी तरी तो चालू ठेवा.

आता झाडांच्या बुंध्याशी. फुटपाथ नवा करताना सिमेंट किंवा ब्लॉक थेट खोडाला भिडवतात. मुळांना पाणी मिळत नाही, हवा मिळत नाही, आणि चार-पाच वर्षांनी वादळात झाड पडलं की सगळे म्हणतात जुनं झालं होतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला होता. त्याचा दाखला देऊन आम्ही अर्ज केला आणि ठेकेदाराच्या माणसांनी ब्लॉक काढून दिले. ते स्वतः पहारीने फोडायला जाऊ नका, मुळं दुखावतात. आणि फांदी छाटायची असेल तरी १९७५ च्या महाराष्ट्राच्या वृक्षसंवर्धन कायद्याप्रमाणे उद्यान विभागातून वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. सोसायटीच्या आवारातलं झाड असलं तरी.

ओलासुका

+१. ताक-गुळाचं करून बघते. आमचं पिंप नेमकं वास मारतंय.

अर्जदार

@सिंहगडरोडकर, तुमच्या फुटपाथसाठी पैसा कुठून आणणार? पुण्यात एक दार उघडं आहे आणि ते फार थोडे लोक वापरतात. २००६-०७ पासून पालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी सुचवलेली कामं घेतली जातात. ही पद्धत मूळची ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरातली, १९८९ सालची. पावसाळ्याच्या अखेरीस अर्ज मागवतात, ऑनलाइन किंवा क्षेत्रीय कार्यालयात भरता येतो. कामाचा खर्च ५ लाखांच्या आत असावा लागतो. फुटपाथ दुरुस्ती, पथदिवे, बाक, बसथांब्याची शेड, उद्यानातली किरकोळ कामं बसतात. खासगी जागेवरचं काम बसत नाही.

बहुतेक अर्ज का बाद होतात? ‘आमच्या भागातील फुटपाथ दुरुस्त करावा’ असं लिहिलं तर अभियंत्याने काय मोजायचं? कुठल्या दुकानापासून कुठल्या फाटकापर्यंत, किती मीटर, कोणत्या बाजूला, काय हवंय, हे लिहा आणि फोटो जोडा. त्याआधी कनिष्ठ अभियंत्यांना भेटून दोन गोष्टी विचारा: ती जागा पालिकेच्या ताब्यात आहे का, आणि तिथे ड्रेनेज किंवा केबलचं खोदकाम नियोजित आहे का. खोदकाम येणार असेल तर एक वर्ष थांबलेलं बरं.

अर्ज मंजूर झाला म्हणजे काम झालं असं नाही. अंदाजपत्रक छापलं की त्यात आपलं काम कुठल्या नावाने आणि किती रकमेने आलंय ते बघा. निविदा कधी निघाली ते विचारत राहा. ३१ मार्चला वर्ष संपतं आणि न वापरलेली तरतूद जाते, म्हणून डिसेंबर-जानेवारीत हालचाल दिसली नाही तर लेखी विचारा. तोंडी उत्तर मिळत असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मी माहिती अधिकार पहिल्या दिवशी कधीच वापरत नाही. आधी भेट, मग पत्र, मग स्मरणपत्र. ज्या अभियंत्याबरोबर पुढची काही वर्षं काम करायचंय, त्याच्याशी नातं जपावं लागतं.

कायदेवाचक

यात एक भर. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या. महाराष्ट्राने २००९ मध्ये कायद्यात बदल करून त्याच्याही खालच्या पातळीवर, मतदान केंद्रांच्या टापूत, क्षेत्रसभांची तरतूद केली. ग्रामसभेसारखी शहरातली सभा. कागदावर ती आहे, प्रत्यक्षात ती भरलेली बघायला मिळत नाही. मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षं पुण्या-मुंबईत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. त्या काळात ज्या गल्ल्यांना स्वतः अर्ज करायची सवय होती त्यांची कामं होत राहिली, बाकीचे ‘निवडणूक होऊ द्या’ म्हणत बसले. आता नगरसेवक आहेत, तर क्षेत्रसभा भरवा असं लेखी मागायला हरकत नाही. पारावरची शनिवारची बैठक ही खरं तर तीच आहे.

बंगळुरातून

मी मूळची साताऱ्याची, गेली बरीच वर्षं बंगळुरात. इथे तळ्यांची चळवळ मोठी आहे. दक्षिण बंगळुरातलं पुट्टेनहळ्ळीचं तळं साधारण १३ एकरांचं, पार आटून कचरा आणि राडारोडा टाकायची जागा झालं होतं. आजूबाजूच्या रहिवाशांनी २०१० मध्ये विश्वस्त संस्था नोंदवली आणि पुढच्या वर्षी पालिकेशी देखभालीचा करार केला. शहरात नागरिकांच्या गटाबरोबर झालेला तसा तो पहिला करार. तळ्याला पाणी आणायचं कुठून हा मोठा प्रश्न होता, कारण पावसाचं पाणी ज्या वाटेने यायचं ती वाट इमारतींनी अडवली होती. शेवटी शेजारच्या गृहसंकुलातलं शुद्ध केलेलं सांडपाणी तळ्यात घेतलं. आता तिथे पक्षी येतात.

मला हे आठवलं ते ‘गल्लीत बसलेला माणूस’ वाचून. तळ्याकाठी माळी रोज असतो, फिरायला लोक येतात, म्हणून तिथे ट्रॉली रिकामी करायची कुणाची छाती होत नाही. आणि माळ्याचा पगार दर महिन्याला वेळेवर द्यावा लागतो. देणग्या झाडं लावायला लगेच मिळतात, पगाराला मिळत नाहीत. ज्यांना पुढे मोठं काम करायचंय त्यांनी हा पगार आधी मोजावा.

सिंहगडरोडकर

किती काही मिळालं या धाग्यातून. कालच्या शनिवारी हे प्रतिसाद छापून पारावर वाचून दाखवले.

भाजीवाल्या मावशींकडे प्रमाणपत्र आहे, पण जुन्या चौकातलं. @कायदेवाचक यांनी सांगितल्याप्रमाणे जागाबदलाचं पत्र तयार केलं, पहिली सही मेसवाल्यांनी केली. फुटपाथचा अर्ज मेसच्या दारापासून तिसऱ्या सोसायटीच्या फाटकापर्यंतचा करतोय, मोजणीला @कडक_शिस्त स्वतः येणार आहेत, त्यांचा अनुभव आमच्यापेक्षा जास्त आहे. काकूंची वही आता कॉट बेसिसवर राहणारी एक मुलगी लिहिते. लातूरची आहे, वर्षभरात जाईल म्हणाली, तोवर पुढची तयार करते.

@पर्वतीपायथा, संडासाच्या दिव्यासाठी आणि कड्यांसाठी आमच्या वस्तीतल्या बायकांनी अर्ज लिहिलाय. पाचही सोसायट्यांच्या सचिवांच्या सह्या त्यावर घेतोय, तीन झाल्या. उरलेल्या दोघांशी मी बोलतो आहे.

पर्वतीपायथा

अर्जाची पोचपावती घ्यायला विसरू नका, शिक्का आणि तारीख दोन्ही. आमच्या पहिल्या अर्जावर नुसता शिक्का होता, तारीख नव्हती. पुढच्या वेळी गेलो तर नवीन अर्ज करा म्हणाले. आणि दिवा जाळीच्या आत बसवून मागा, नाहीतर महिन्यात फुटतो.

कडक_शिस्त

मोजलं. आमच्या सोसायटीसमोर सगळ्यात अरुंद ठिकाणी ७० सेंटिमीटर. तिथे विक्रेता नाही, आमच्याच फाटकाचा उतार आणि चार दुचाकी आहेत. रविवारच्या कमिटी बैठकीत उताराचा विषय घेतलाय. @सिंहगडरोडकर, शनिवारी पाच वाजता येतो, टेप माझी लांब आहे, ३० मीटरची.